भोंगा वाजला नव्हता

बाबांना जाऊन महिना झाला होता, तेव्हा एका सकाळी कुरिअरवाल्याने जाड लिफाफा आणून दिला. आत टाइप केलेली दोन-अडीचशे पानं होती. विदर्भात ज्या खाणीत बाबांनी आयुष्य काढलं, त्या कोळशाच्या खाणीचा तो इतिहास होता.

लिहिणारे गृहस्थ त्याच खाणीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलगा हिंजवडीत नोकरीला, म्हणून आता तेही तिथेच राहतात. आमच्या भागातून पिंपरी-चिंचवडला आलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा आकुर्डीत हॉल घेऊन सगळे भेटतात, तिथली आमची ओळख. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यापासून मंडळाची स्मरणिका, कुणाच्या वडिलांच्या आठवणी, कुणाचा कवितासंग्रह, असं तपासायला माझ्याकडे येतं. या साहेबांचा आधीच फोन आला होता.

"मॅडम, मजकूर पक्का आहे. सगळं कागदपत्रांवरून लिहिलंय. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

मी पेन्सिल घेऊन बसले. पहिलंच वाक्य होतं, 'खाण येण्यापूर्वी हा परिसर ओसाड होता व येथील जमीन बहुतांशी पडीक होती.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी तरी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

पडीक! आमच्या वावरात कापूस असायचा. कापसाच्या दोन ओळींमध्ये तूर, पलीकडे ज्वारी. माती इतकी काळी आणि चिकट की पावसाळ्यात चप्पल तिच्यात अडकून राहायची आणि पाय नुसताच वर यायचा. गावात नाल्याकाठी चिंचांची रांग होती, दोन विहिरींना उन्हाळ्यातही पाणी होतं. ओसाड हा शब्द ज्याने लिहिला, तो तिथे आला तेव्हा ते सगळं उचलून झालं होतं. त्याने पाहिलं ते खाणीने केलेलं ओसाड.

खाण कशी आली ते मला आठवतं, कारण सुरुवातीला ती आम्हा मुलांना जत्रेसारखी वाटली होती. आधी तीन पायांचं एक यंत्र घेऊन माणसं आली. त्यांनी शेताशेतांत खोल भोकं पाडली. आतून निघालेले दगडाचे गोल लांब तुकडे लाकडी खोक्यांत ओळीने मांडून ठेवले. त्यांतला एक काळा होता. साहेब लोक तोच उचलून पुन्हापुन्हा बघत होते. मग नोटिसा आल्या. मग ज्यांची जमीन गेली, त्यांच्या घरटी एका माणसाला खाणीत नोकरी मिळाली. बाबा शेतकऱ्याचे कामगार झाले.

ती खाण जमिनीखालून बोगदा काढून खणायची नव्हती. वरून सगळं उघडं करून खालचा कोळसा काढायचा, अशी होती. म्हणून आधी माती हटवली. कोळशाच्या वर जे काही असेल, माती, मुरूम, दगड, विहीर, बांध, झाडं, त्या सगळ्याला खाणीत एकच नाव होतं, 'ओबी'. ओबी काढायचं, डंपरमध्ये भरायचं आणि नेऊन टाकायचं. आमच्या गावाच्या उत्तरेला त्याचे डोंगर उभे राहिले. बाबा एकदा त्या डोंगराकडे बोट दाखवून आईला म्हणाले होते, "ते पाय, आपलं वावर. उभं करून ठेवलं."

आई म्हणाली, "पेरायले वर चढा लागते का आता?"

तेव्हा दोघंही हसली होती.

गाव हलवणार, गाव हलवणार, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. नवीन जागा ठरायची, रद्द व्हायची. गाव हलत नव्हतं, पण खाण हलत होती. दर पावसाळ्यानंतर तिची कड थोडी जवळ आलेली असायची. शेवटी शेवटी आमच्या मागच्या दारातून मातीच्या भिंतीमागे डंपरचे दिवे दिसायचे.

खडक फोडायला रोज दुपारी दोन वाजता सुरुंग उडवत. त्याआधी भोंगा वाजायचा, तीन वेळा, लांब. त्या भोंग्यावर आमच्या गावात जे व्हायचं ते मी नंतर कुठेच पाहिलं नाही. पहिल्या आवाजाला बायका फळीवरची भांडी उतरवून जमिनीवर पालथी घालायच्या. दुसऱ्या आवाजाला चुलीवरचं खाली यायचं, पाळण्यातलं मूल काखेत यायचं. तिसऱ्या आवाजाला गाव घराबाहेर. देवळासमोरच्या उघड्या पटांगणात सगळे उभे राहायचे. आजारी माणसाला खाटेसकट आणायचे. कुणी हे शिकवलं नव्हतं. एकदा एका घराचं छत खाली आलं होतं, नशिबाने रिकाम्या घरावर. त्यानंतर गावाने आपापसात ठरवून टाकलं, भोंगा झाला की छपराखाली कुणी राहायचं नाही.

रोजचंच असल्यामुळे तिथे भीती नव्हती, गप्पा होत्या.

"काहून व, आज भाजी खालीच ठेवून आली का? कुत्रं खाईन ना!"

"खाऊ दे. आमच्या घरचे तरी कुठं खातात."

"अन तुया बुढा?"

"तो भोंग्याले उठते, माया हाकेले नाही उठत."

मग जमीन एकदा खालून ढकलल्यासारखी हलायची. धूळ यायची. सगळे डोळे मिटून, पदर तोंडावर घेऊन थांबायचे आणि मग घरोघर जाऊन भिंती बघायचे. बाबा भेगांवर माझ्या वहीच्या कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायचे. पट्टी फाटली की भेग वाढली. अशा फाटलेल्या पट्ट्या घेऊन ते एकदा खाणीच्या ऑफिसात गेले. तिथून उत्तर मिळालं, काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंती तडकतात. जणू काळी माती खाणीनंतर आली होती. जणू आमच्या आज्या-पणज्यांची घरं दुसऱ्या कसल्या मातीवर उभी होती.

नोकरीमुळे मी इकडे आले. खाण बंद झाल्यावर आई-बाबाही माझ्याकडे चिंचवडला आले. आमच्या सोसायटीच्या जवळच्या एका कंपनीचा भोंगा ऐकू येतो. पहिल्याच दिवशी दुपारी तो वाजला आणि मी बघते तो आईने मांडणीवरचे डबे खाली उतरवले, गॅस बंद केला आणि ती जिना उतरून पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. शेजारच्या सातारच्या वहिनी वरून ओरडल्या, "अहो काकू, भूकंप नाय, शिफ्ट सुटली!" पुढे कित्येक महिने सोसायटीत हा विनोद चालला. मीही हसले होते, याची आता मला लाज वाटते.

साहेबांच्या मजकुरात मी एकशे सत्तावन्नाव्या पानावर आले. प्रकरणाचं नाव 'सुरक्षिततेची परंपरा' होतं. लिहिलं होतं की सुरुंगकामामुळे परिसरातील एकाही ग्रामस्थाचा मृत्यू झालेला नाही. पुढे एक परिच्छेद होता. एका मुलीचा भिंत पडून दुर्दैवी मृत्यू झाला होता व त्याचा संबंध काही लोकांनी सुरुंगाशी जोडला. परंतु चौकशीत असे आढळले की भोंगा नियमाप्रमाणे वाजवण्यात आला होता व मुलगी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घरात राहिली होती. खुद्द मुलीच्या वडिलांनी, जे खाणीचेच कामगार होते, तसे लेखी दिले आहे.

ती मुलगी माझी मोठी बहीण. वडील ते आमचे बाबा.

साहेबांना हे माहीत नव्हतं. मंडळात मला सगळे बाई किंवा मॅडम म्हणतात, आणि त्यांच्या कागदात तर ताईचं नावही नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून वीज गेलेली होती. दुपारी आभाळ भरून आलं. सुरुंगाची भोकं सकाळीच दारूने भरून ठेवलेली होती, आणि वीज कडाडत असताना भरलेली भोकं तशीच ठेवणं धोक्याचं असतं. म्हणून दोनच्या ऐवजी एकलाच उडवायचं ठरलं. विजेअभावी भोंगा बंद. शिट्ट्या देऊन माणसं पाठवली, पण ती डंपरच्या रस्त्यावर आणि यंत्रांकडे. गावाच्या बाजूला कुणीच आलं नाही. बाबा त्या पाळीत होते. ते डंपरच्या रस्त्यावर लाल झेंडी धरून उभे होते, गावाकडे पाठ करून.

मी शाळेत होते. आई विहिरीवर होती. ताई मागच्या भिंतीला टेकून सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. पटांगणात त्या दिवशी एकही माणूस नव्हतं. गावातली सगळी भांडी फळ्यांवर होती.

पाचव्या दिवशी खाणीतून जीप आली. दोन साहेब आणि एक कारकून. आम्ही सुतकात. घराला मागची भिंत नव्हती, तिथे ताडपत्री लावलेली. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. भोंगा वाजला नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं, दोनदा मराठीत आणि एकदा, साहेबांना नीट कळावं म्हणून, त्यांच्या मोडक्या हिंदीत. साहेब मान हलवत होते. कारकुनाने पिशवीतून एक कागद काढला. तो टाइप केलेला होता. बाबांचं बोलणं आत्ता संपत होतं आणि कागद आधीच तयार होता. हे तेव्हा आमच्यातल्या कुणालाच खटकलं नाही.

बाबा म्हणाले, "इंग्रजी आहे. वाचून दाखवा ना साहेब."

कारकून माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, तुझी पोरगी इंग्रजी शिकते ना शाळेत? तिला वाचू दे. बघू तरी काय शिकवतात मास्तर!" साहेब हसले.

मी सातवीत होते. आमच्याकडे पाचवीपासून इंग्रजी होतं. मला अक्षरं लावून वाचता यायचं. मी उभी राहिले आणि सगळा कागद मोठ्याने वाचला, धड्यासारखा. सायरन हा शब्द मला कळला. फादर कळला, हाऊस कळला. बाकी काही कळलं नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास."

बाबांनी विचारलं, "काय लिवलं आहे?"

मी म्हटलं, "भोंग्याचं लिहिलं आहे."

"आपण सांगतलं तसंच आहे ना?"

मला कळलं नाही, असं म्हणायला हवं होतं. तीन शब्द. पण नुकतीच शाब्बासकी मिळाली होती. मी म्हटलं, "हो."

बाबांनी मराठीत सही केली.

पुढे कॉलेजात असताना पत्र्याच्या पेटीत मला त्या कागदाची कार्बन प्रत सापडली. तेव्हा मला इंग्रजी येत होतं. मी ती वाचली, होती तशी घडी घातली आणि पेटी बंद केली. तेव्हापासून मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. बाबांनीही कधी काढली नाही. मला वाटायचं, त्यांना कधीच कळलं नाही, आणि तेच बरं.

आता तोच कागद एकशे सत्तावन्नाव्या पानावर पुरावा होऊन बसला होता, आणि पुस्तक छापून झालं की तो कायमचा खरा होणार होता. शंभर वर्षांनी कुणी आमच्या गावाबद्दल वाचायला गेलं, तर दुसरं वाचायला काहीच नसेल. गाव नाही, शाळेची दप्तरं नाहीत, देऊळ नाही. गाव होतं तिथे आता पाण्याने भरलेला खड्डा आहे. पुस्तकात त्याचा एक रंगीत फोटोही होता, 'निळाशार जलाशय' असं खाली लिहून.

मी हिंजवडीला गेले. चौदाव्या मजल्यावर घर. साहेबांनी स्वतः दार उघडलं, स्वतः चहा आणला. माणूस सभ्य आहे. ताई गेली तेव्हा ते त्या खाणीत नव्हतेही. पुष्कळ नंतर बदलून आले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण राग कुणावर काढायचा हे त्या घरात बसल्यावर मला नीट कळेना.

मी सांगितलं, मी त्या मुलीची बहीण. त्यांनी कप खाली ठेवला.

"अरेरे. मला कल्पना नव्हती मॅडम. वडील?"

"महिना झाला."

ते म्हणाले, "पण मॅडम, फाइलमध्ये त्यांचं लेखी आहे. मी मनाचं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"साहेब, तुम्ही दुपारी दोन वाजता आमच्या गावात कधी आला होता?"

"दोनला? छे. ब्लास्टिंगच्या वेळी आम्ही गाडी अलीकडेच थांबवायचो."

"म्हणून तुम्हाला माहीत नाही." मी त्यांना फळीवरच्या भांड्यांचं सांगितलं. खाटेवरून आणलेल्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. "भोंगा झाल्यावर आमच्या गावात छपराखाली मांजरसुद्धा नसायचं. त्या दिवशी माझी बहीण आत होती. तीच नाही, सगळं गाव आत होतं. ती निष्काळजी नव्हती. तिला कुणी सांगितलंच नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं असेल. पण हे कुठे नोंदलेलं नाही."

"नोंदणारे अलीकडेच थांबायचे ना."

मग त्यांना तोडगा सुचला. "असं करतो, तो परिच्छेदच काढून टाकतो. विषयच नको. तुम्हालाही त्रास नको."

मला अजून आठवतं, हे त्यांनी किती मायेने म्हटलं होतं. आमची जमीन काढून टाकली, विहीर काढून टाकली, गाव काढून टाकलं, आणि आता मला त्रास नको म्हणून ताईलाही काढून टाकणार होते. मी म्हटलं, "नाही. परिच्छेद ठेवा. खरा लिहा."

"मग तुम्ही लिहून द्या. सहीनिशी. पण वडिलांची सही त्या कागदावर कशी आली, तेही लिहावं लागेल. नाहीतर वाचणारा विचारेल, बाप खोटा की मुलगी खोटी?"

त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. फक्त त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते आईला माहीत नव्हतं.

परत येताना कॅब वाकडच्या पुलाखाली तासभर अडकली. सगळीकडे कंपन्यांच्या गाड्या, आत कानात काहीतरी घालून झोपलेली मुलं. मांडीवर ती टाइप केलेली पानं आणि हातात पेन्सिल. 'वाजवण्यात आला होता' हे खोडून 'वाजवण्यात आला नव्हता' करायला एक क्षण पुरला असता. साहेब मला पूर्ण विश्वासाने मजकूर देत होते, त्यांच्या लक्षातही आलं नसतं. मी पेन्सिल टेकवलीही. मग हात थांबला. दुसऱ्याच्या सहीखाली आपलं वाक्य घालायचं, हेच तर त्यांनी बाबांच्या बाबतीत केलं होतं. मी पेन्सिल पर्समध्ये टाकली.

लिहायला मला चार दिवस लागले. दीड पान झालं. पाचव्या दिवशी सकाळी आई बाल्कनीत उन्हाला बसली होती, तिच्यासमोर स्टूल घेऊन मी ते वाचून दाखवलं. भांड्यांचं आलं तेव्हा ती म्हणाली, "पालथी घालत होतो, ते लिव. नुसती खाली नाही ठेवत." ताईचं वाचून झालं. मग मी कागदाचं वाचलं. मी तो वाचला होता, मला काही कळलं नव्हतं आणि मी हो म्हटलं होतं, हे वाचलं. वाचताना माझा आवाज लहान होत गेला. वर बघायची हिंमत झाली नाही.

आई म्हणाली, "झालं?"

"झालं."

"तुया बापाले माहीत होतं."

मला वाटलं ती दुसरंच काही सांगते आहे. "काय?"

"तुले काही समजलं नाही, हे. तुया तोंडाकडं पायलं होतं ना त्यानं. रात्री मले म्हणे, पोट्टीले समजलं नाही, पण चार माणसांत तिले काहून खाली पाहाले लावू." तिने पदराने नाक पुसलं. "अन भेवही होतं. खोटं कायले बोलू. नोकरी जाईन, हे भेव होतं. साहेब दारात बसला होता. पण आधी तूच होती."

मी किती वर्षं ते दीड पान मनात धरून बसले होते, आणि ते दोघं त्याहून मोठं काहीतरी माझ्यापासून लपवून जगले होते. मला रडू आलं नाही. मला राग आला, इतका की स्टुलावरून उठून मी आत जाऊन परत आले. भिंत पडलेल्या घरात, पाचव्या दिवशी, त्या लोकांनी एका बापापुढे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. मेलेल्या मुलीचं खरं सांग, किंवा जिवंत मुलीची लाज राख. आणि ठेवताना त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. ते हसत होते.

आई म्हणाली, "कागद देऊ नको त्या पुस्तकवाल्या सायबाले. कागदानंच झालं सगळं. मी येते तुया संगं. तोंडानं सांगते."

ती शहाऐंशीच्या पुढची आहे. गुडघे धरलेले असतात, लिफ्टची तिला भीती वाटते. तरी आली. चौदा मजले डोळे मिटून माझा दंड धरून उभी राहिली. साहेबांनी वाकून नमस्कार केला, "या आजी." तिने आशीर्वाद दिला, पाणी प्यायली आणि कुणी काही विचारायच्या आत सांगायला लागली. वीज गेली तिथपासून, ताडपत्रीपर्यंत. बाबांनी सही का केली, तेही सांगितलं. मधे साहेबांनी एकदा विचारलं, "आजी, नक्की एकच वाजला होता?"

"घड्याळ तुमच्यापाशी होतं बापा. आमच्यापाशी भोंगा होता. तो नाही वाजला."

मी परत आणलेल्या मजकुरातलं ते पान साहेबांनी पुढे ओढलं. जुना परिच्छेद आडव्या रेघेने खोडला आणि कडेला शाईने लिहू लागले. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, 'त्या दिवशी भोंगा वाजला नव्हता, असे मृत मुलीच्या आईचे म्हणणे आहे.'

आई म्हणाली, "म्हणणं काहून? मी एकटी म्हणते का? सारं गाव छपराखाली होतं. वाजला नव्हता, एवढंच लिव."

"आजी, इतिहासात पुरावा लागतो."

"माई पोरगी आत होती. अजून काय पायजे?"

साहेबांनी शेवटचे सहा शब्द खोडले. 'निष्काळजीपणा' आधीच खोडला गेला होता. त्यांनी ताईचं नाव विचारलं, आईने सांगितलं, आणि त्यांनी ते लिहिलं. तिच्या मृत्यूची नोंद करताना तिचं नाव विचारणारा तो पहिला माणूस, हे मला मान्य करायला हवं. आईने ते सगळं त्यांच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. "इंग्रजीत काही नाही ना यात?" असंही विचारलं. साहेब म्हणाले, "नाही."

मग आई म्हणाली, "अन तिच्या बापाचं लिव. त्याची सही खरी होती, कागद खोटा होता. तुमच्या माणसानं घरून लिवून आणला होता."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. खाण बंद झाली असली तरी ऑफिस अजून आहे, पुस्तकाला तिथली परवानगी लागते, असं ते म्हणाले. भोंग्याचं ते कसंतरी निभावून नेतील. पण कागद आधीच तयार करून आणला होता, असं लिहिलं तर पुस्तकच निघणार नाही. "एवढं माझ्याच्याने नाही होणार, आजी. माफ करा."

आईने मला उठव म्हणून हात पुढे केला. दारात चपला घालताना ती मला म्हणाली, "त्याले जमत नाही तर तू लिव."

म्हणून हे मी लिहिलं आहे. कागद आधीच टाइप केलेला होता. बाबांचं सांगणं तेव्हा संपलंही नव्हतं.